तापल्या मातीचे रहिवासी

बीदरचे नावाजलेले झरे सगळे थंड पाण्याचे. गुरुद्वाऱ्यातल्या नानक झिऱ्याचं पाणी गोड आणि गार. नरसिंह झरणीला देवाच्या दर्शनासाठी लांबलचक भुयारात छातीभर पाण्यातून चालावं लागतं, डोक्यावर वटवाघळं फडफडत असतात, आणि बाहेर रस्त्यावर डांबर वितळत असलं तरी आत अंगावर काटा येतो. नौबादला बहामनी काळातली करेझ आहे. जमिनीखालून खोदत नेलेला पाण्याचा बोगदा आणि त्यावर ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी. वरचा जांभा सच्छिद्र, खालचा काळा पाषाण घट्ट. पाऊस जांभ्यातून झिरपतो आणि पाषाणाला अडून साचतो. ते पाणी इराणी पद्धतीने गावाकडे वळवलं की झाली करेझ. काम इतकं हुशारीचं आहे की बीदरच्या किल्ल्यापेक्षा मला ते जास्त आवडलं.

अशा थंड पाण्याच्या मुलखात मी शोधत होतो उष्णतेत सुखाने नांदणारे जीवाणू. ओळखीतल्या एका प्राध्यापकांनी आधीच बजावलं होतं, ‘अहो, त्यासाठी गरम झऱ्यांवर जा, वज्रेश्वरीला, राजापूरला, फार तर उनकेश्वरला. बीदर-गुलबर्ग्यात काय ठेवलंय?’ पण त्यांच्याच विषयातले दोन जुने शोधनिबंध माझ्या पिशवीत होते आणि दोन्हींचा उगम गुलबर्ग्याच्या मातीत होता.

उदगीरहून कमालनगर, भालकी करत बीदर गाठलं. 1956 पूर्वी उदगीर बीदर जिल्ह्यातच होतं. भाषावार प्रांतरचनेत तीन वाटण्या झाल्या आणि एका जिल्ह्याचे तुकडे तीन राज्यांत गेले. माणसांना त्याचा पत्ता अजून लागलेला दिसत नाही. भालकीच्या स्टँडवर एका दमात मराठी, कन्नड आणि दखनी ऐकू येते, आणि चहावाला तिन्हींत उधारी नाकारतो.

बीदरला जाऊन बिदरी कामाचं दुकान न पाहता परत येणं अवघड. मी कारखान्यात बसलो. कारखाना म्हणजे एक खोली, एक भट्टी आणि घासलेल्या धातूचा वास. जस्त जास्त आणि तांबं थोडं अशा मिश्रधातूची सुरई समोर होती. तिच्यावर खोदलेल्या वेलबुट्टीत चांदीची तार ठोकून बसवलेली. इथवर सगळी सुरई राखाडी दिसते, चांदी कुठे आणि जस्त कुठे कळत नाही. मग येते ती किल्ल्यातली माती. ऊन-पाऊस न लागलेल्या जुन्या जागेतली ही माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून उकळतात आणि भांडं त्यात फिरवतात. बघता बघता मिश्रधातू काळाकुळकुळीत होतो आणि चांदी जशीच्या तशी उजळ राहते. कारागीर चाचांनी मातीची चिमूट जिभेवर ठेवली, क्षणभर थांबले आणि मान हलवली. माझ्याही तळहातावर थोडी दिली. खारट, किंचित झोंबणारी. ‘हर मिट्टी नहीं चलती साहब,’ ते म्हणाले. माती चाखून पारखणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांना सावलीतली माती हवी. मी ज्यांच्या मागावर होतो त्या संशोधकांना नेमकी उलटी हवी होती, वर्षानुवर्षं उन्हात भाजलेली.

बीदर ते कलबुर्गी, म्हणजे जुनं गुलबर्गा, हा रेल्वेमार्ग ऑक्टोबर 2017 मध्ये सुरू झाला. 110 किलोमीटरचा हा रस्ता व्हायला किती पिढ्यांनी अर्ज केले असतील कोण जाणे. डब्यात समोर भालकीकडचे एक वयस्कर शेतकरी बसले होते. धोतर, टोपी, मांडीवर कापडी पिशवी. हुमनाबाद मागे पडल्यावर त्यांनी विचारलंच, ‘काय काम काढलाव म्हणायचं गुलबर्ग्याला?’

‘मातीतले जीवाणू बघायला चाललोय, मामा. उन्हातसुद्धा मरत नाहीत असे.’

त्यांना याचं काहीच नवल वाटलं नाही. ‘त्याला गुलबर्गा कशाला पाह्यजे? आमच्या उकिरड्यात हात घाला की. माघातल्या थंडीत वाफ निघूलाली असते. कोपरापर्यंत हात जाऊ शकत नाही.’

मामांचं म्हणणं शंभर टक्के खरं. शेणखताचा ढीग नीट रचला, ओल आणि हवा मिळाली, की आतलं तापमान साठ-सत्तर अंशांपर्यंत चढतं. ती उष्णता जीवाणूच काढतात. काडीकचरा खाताना त्यांच्या शरीरक्रियेतून ती बाहेर पडते. ढीग तापत जातो तशी आधीची मंडळी मरतात आणि जास्त ताप सोसणारी पुढे येतात. म्हणजे आपल्या प्रत्येक गावाबाहेर एक गरम कुंड असतं, फक्त त्याला पुजारी नसतो.

आता थोडं शास्त्र. ज्या जीवाणूंना पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या वर राहणंच मानवतं ते उष्णताप्रेमी. ऐंशीच्या वर ज्यांची वाढ सर्वात चांगली होते ते अतिउष्णताप्रेमी, आणि त्यांत बरेचसे जीवाणू नसून आर्किया नावाच्या वेगळ्या कुळातले असतात. यांतल्या एकाला तर 2003 साली ‘स्ट्रेन 121’ असं नाव पडलं, कारण प्रयोगशाळेत सगळं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या 121 अंशांत तो मरण्याऐवजी वाढत होता. तिसरा वर्ग उष्णतासहिष्णूंचा. त्यांना ताप आवडतो असं नाही, पण ते सोसून नेतात. मराठवाड्यातल्या आणि हैदराबाद-कर्नाटकातल्या माणसांचा समावेश मी बिनदिक्कत याच वर्गात करीन.

एवढ्या उष्णतेत यांची प्रथिनं का बिघडत नाहीत, हा प्रश्न पहिल्यांदा पडतो. अंडं उकडलं की त्यातला पातळ बलक आणि पांढरं घट्ट होतं, कारण प्रथिनांच्या घड्या मोडून ती एकमेकांत गुंततात. पुन्हा काही केल्या ते पातळ होत नाही. उष्णताप्रेमींच्या प्रथिनांमध्ये हीच घडी जास्त आवळून घातलेली असते. आतल्या आत विरुद्ध विद्युतभारांच्या जोड्या जास्त असतात, पोकळ जागा कमी असते, सैल लोंबणारे भाग आखूड असतात. यांतलं एकच कारण सगळीकडे लागू पडतं असं नाही; वेगवेगळ्या प्रथिनांनी वेगवेगळे तोडगे काढले आहेत. पेशीभोवतीच्या पडद्यातली स्निग्धद्रव्यंही अशी असतात की तो तापून फाटत नाही.

गाडी मरगुत्तीच्या बोगद्यात शिरली आणि मामांनी पिशवीतून भाकरी काढली. बाहेर पडल्यावर मुलूख बदललेला. कमलापूरपाशी केळीच्या बागा, पुढे काळी माती आणि तुरीची उघडी रानं. कलबुर्गीला उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तिथल्या मे महिन्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्याने पाहिला आहे त्याला सांगावा लागत नाही, आणि ज्याने पाहिला नाही त्याला अतिशयोक्ती वाटते. हवेचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असतो, तेव्हा उघड्या काळ्या जमिनीचा वरचा थर साठीच्याही पुढे जाऊ शकतो. अनवाणी पाय टेकवून पाहायची गरज नाही; चपलेतूनच कळतं.

गुलबर्गा विद्यापीठ 1980 मध्ये सुरू झालं. सेडम रस्त्यावर त्याचा पसरट परिसर आहे. इमारतींच्या मध्ये मोकळी कोरडी जमीन, कडुनिंब आणि बाभळी. याच विद्यापीठातले अगसर दयानंद आणि त्यांचे तेव्हाचे तरुण सहकारी सय्यद दस्तगेर यांनी गुलबर्ग्याच्या परिसरातली माती गोळा करून तिच्यातले ॲक्टिनोमायसिट वेगळे केले. हा जीवाणूंचा मोठा कबिला बुरशीसारखे तंतू काढत मातीत पसरतो. पहिल्या पावसाचा मृद्‌गंध बहुतांशी यांच्याच जिऑस्मिन या द्रव्याचा, आणि क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिनही याच कुळातल्या एका जीवाणूचं. यांतल्या बहुतेकांना पंचवीस ते पस्तीस अंश मानवतात.

गुलबर्ग्याचे मात्र वेगळे निघाले. 2007 मध्ये अँटोनी व्हान लेव्हेनहूक या नियतकालिकात दोन नव्या जाती जाहीर झाल्या. एक स्ट्रेप्टोमायसिस गुलबर्गेन्सिस, उष्णता आणि क्षार दोन्ही सोसणारी. दुसरी स्ट्रेप्टोमायसिस ट्रायटॉलरन्स. कोरडवाहू जमिनीतल्या या दुसरीला आम्लाच्या उलट टोकाची अल्कली माती चालते, पाच ते सात टक्के मिठाच्या द्रावणात ती वाढते, आणि पंचेचाळीस अंशांतही तिचं बरं चाललेलं असतं. तिन्ही त्रास सोसते म्हणून ‘ट्राय’. मिठाचं प्रमाण समुद्रात सुमारे साडेतीन टक्के असतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या सोशीकपणाची कल्पना येईल. ओळख पटवण्याच्या कामात दक्षिण कोरियातले आणि चीनच्या युनानमधले संशोधक सोबत होते. नव्या जातीचा मूळ नमुना किमान दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, असा नियम आहे. त्यामुळे गुलबर्ग्याच्या रानातला हा रहिवासी आज कोरियातल्या गोठणपेटीत आहे. मला हे एकाच वेळी विनोदी आणि न्याय्य वाटतं.

नावाचंही बघा. शहराचं नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृतपणे कलबुर्गी झालं. पाट्या बदलल्या, तिकिटं बदलली. जीवाणूंच्या नामकरणाचे नियम मात्र सरकारी राजपत्राला दाद देत नाहीत. शहराचं नाव बदललं म्हणून रीतसर दिलेलं नाव बदलत नाही. तेव्हा ‘गुलबर्गा’ हे नाव टिकवण्याची जबाबदारी यापुढे बऱ्याच अंशी या सूक्ष्मजीवावर आहे.

पुढे 2009 मध्ये याच गुलबर्गेन्सिसपासून मिळणाऱ्या अमायलेज या विकराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमायलेज पिष्टाचे तुकडे करतं. कापडावरची खळ काढायला, कपड्याच्या पावडरीत, मक्याच्या पिष्टापासून ग्लुकोज बनवायला ते लागतं. आता पिष्ट शिजवल्याशिवाय नीट फुटत नाही, हे खळ करणाऱ्या कुठल्याही घरात माहीत असतं. शिजवायचं म्हणजे तापवायचं, आणि तापवलं की साधं विकर मरतं. म्हणून उद्योगांना ताप सोसणारी विकरं हवी असतात, आणि जगभरचे लोक त्यासाठी कुठेकुठे वाकून माती उचलतात.

विद्यापीठाबाहेरच्या टपरीवर दोन विद्यार्थी भेटले, दोघेही सूक्ष्मजीवशास्त्राचे. एक आळंदचा, घरी मराठी बोलणारा. मी त्याला गुलबर्गेन्सिसबद्दल विचारलं. त्याला माहीत होतं, पण परीक्षेत येत नाही, असं त्याने सांगितलं. परीक्षेत येतं ते थर्मस ॲक्वाटिकस.

थर्मस ॲक्वाटिकस हा या सगळ्या खटाटोपाचा कुलपुरुष. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या मशरूम स्प्रिंग या कढत झऱ्यातून 1966 मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी तो मिळवला आणि 1969 मध्ये जगापुढे ठेवला. तोवर इतक्या उष्णतेत जीवाणू वाढतात यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. गंमत अशी की तो नंतर ब्रॉकना इंडियाना विद्यापीठातल्या गरम पाण्याच्या नळातही सापडला. मामांच्या उकिरड्याला हा माझा पुरावा. 1976 मध्ये याच जीवाणूतलं, डीएनएची प्रत बनवणारं टॅक पॉलिमरेज वेगळं करण्यात आलं. 1983 मध्ये कॅरी मुलिस यांना डीएनएच्या प्रती काढण्याची पीसीआर ही युक्ती सुचली, पण तिच्यात दर फेरीला द्रावण पंच्याण्णव अंशांपर्यंत तापवावं लागायचं आणि दर फेरीला विकर मरायचं. दर वेळी नवं विकर टाकत बसावं लागे. टॅक आलं आणि ती कटकट संपली. एकदा टाका, झाकण लावा, यंत्र सुरू करा. मुलिसना 1993 मध्ये नोबेल मिळालं. त्याआधी 1991 मध्ये पीसीआरचे हक्क रॉश कंपनीने तीस कोटी डॉलरला घेतले होते. यलोस्टोनला त्यातून छदामही मिळाला नाही.

ही कथा कलबुर्गीत सांगण्याला कारण आहे. भारतात कोरोनाने झालेला पहिला मृत्यू याच शहरातल्या शहात्तर वर्षांच्या गृहस्थांचा. ते 10 मार्च 2020 रोजी गेले आणि दोन दिवसांनी तपासणीचा निकाल आला, तेव्हा कारण कळलं. ती तपासणी आरटी-पीसीआरची. त्यानंतर देशात अशा कोट्यवधी तपासण्या झाल्या. नाकात काडी घातली जात असताना त्यामागे कुठल्याशा झऱ्यातला जीवाणू आहे, हे कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. मला वाटतं, तेव्हाच्या रोजच्या टीव्ही चर्चांमधून एखादा तास जरी ब्रॉकच्या झऱ्याला दिला असता तरी लोकांना संशोधन म्हणजे काय ते जास्त कळलं असतं. गरम पाण्यात कोण राहतं एवढंच बघायला गेलेल्या माणसाने कुठल्याही साथीचा विचार केलेला नव्हता.

सेडमच्या दिशेने अर्ध्या दिवसाची फेरी मारली. मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचं आजचं मळखेड कागिणा नदीच्या काठी आहे. किल्ल्यापेक्षा सिमेंटच्या चिमण्या आधी दिसतात. हा सगळा चुनखडीचा पट्टा. शहाबादी फरशी इथलीच, आपल्या निम्म्या महाराष्ट्राच्या घरांत जिच्यावर आपण रांगायला शिकलो ती. खाणीच्या कडेला पांढऱ्या-करड्या धुळीत उभा राहिलो आणि ट्रायटॉलरन्सचा गुण आपोआप उमगला. चुनखडीची अल्कली माती, बाष्पीभवनाने वर येणारं मीठ आणि चाळीस-पंचेचाळीस अंशांचं ऊन, तिन्ही गोष्टी इथे हात जोडून उभ्या आहेत. ज्याला हे तिन्ही जमलं नाही तो इथे टिकला नसता. खाणीतल्या मुकादमाने मला सावलीत बोलावलं, माठातलं पाणी दिलं आणि विचारलं की फरशी किती हवी आहे. मी फरशी घेणारा दिसलो, हा सन्मानच.

परतीचा रस्ता मुद्दाम लांबचा धरला. औराद-देगलूरवरून नांदेड, तिथून किनवट आणि मग उनकेश्वर. पैनगंगेच्या काठावरचं हे ठिकाण. इथे खरं गरम पाणी आहे. शरभंग ऋषींचा आश्रम इथे होता आणि त्यांच्या त्वचारोगासाठी रामाने बाण मारून हे पाणी काढलं, अशी कथा सांगतात. खरजेसाठी, सांधेदुखीसाठी लोक अजूनही येतात. तिथल्या एका काकांनी खाली ज्वालामुखी असल्याचं खात्रीने सांगितलं. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच निवला. जमिनीत दर किलोमीटर खोलीला साधारण पंचवीस-तीस अंश तापमान वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने निवायच्या आत वर येतं. काकांना माझं हे स्पष्टीकरण फिकं वाटलं, आणि खरंच, ज्वालामुखीपुढे ते फिकंच आहे.

या पाण्यावर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात काम झालं, जीवाणू वाढवून तपासले गेले. पण जीवाणूंतले बहुतेक जण प्रयोगशाळेतल्या बशीत वाढायला तयार नसतात. त्यावर उपाय म्हणून पाण्यातला सगळाच डीएनए एकत्र काढून वाचायचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने उनकेश्वरच्या बाबतीत तसं केलं आणि 2016 मध्ये निकाल छापला. एक्केचाळीस संघ आणि 719 जाती. थर्मस ज्या संघातला, त्याचा वाटा तीन टक्के. आणि सर्वात मोठा वाटा, छप्पन्न टक्के, कुणाचा? ॲक्टिनोबॅक्टेरियांचा, म्हणजे गुलबर्ग्याच्या रानातला तो तंतू काढणारा कबिला ज्यात मोडतो त्या संघाचा. निबंधाच्या लेखकांत एक नाव ओळखीचं निघालं, सय्यद दस्तगेर. गुलबर्ग्याची कोरडी माती चाळून हा माणूस पुण्याला गेला आणि तिथून उनकेश्वरच्या कुंडाकडे वळला.

माझ्या प्राध्यापकांना हे सांगायचं आहे. कढत झरा आणि तापलेलं रान यांत आपण समजतो तेवढा आडपडदा नाही. माती वाहून कुंडात जाते, कुंडाचं पाणी मातीत मुरतं, आणि रहिवाशांपैकी ज्यांना झेपतं ते राहतात. नावाजलेल्या झऱ्यांवर निबंधांची गर्दी होते, पण कोरडवाहू शेताकडे, खाणीच्या धुळीकडे आणि उकिरड्याकडे फारसं कुणी नमुन्याची बाटली घेऊन जात नाही. गुलबर्ग्याच्या लोकांनी घराबाहेरची माती उचलली, आणि त्यांना दोन नव्या जाती मिळाल्या.

कुंडाजवळ नारळ-उदबत्तीचं दुकान मांडून बसलेल्या मावशींनी माझी टिपणवही बघून विचारलं, ‘पाणी तपासाया आले का? मागंबी काही पोरं बाटल्या भरून घेऊन गेली होती.’

‘त्यांना सातशे एकोणीस प्रकारचे जीवाणू सापडले, मावशी.’

‘एवढे? आन् खरूज कोणत्याने बरी होते?’

ते अजून कुणी तपासलेलं नाही, असं मी सांगितलं.

‘मंग तेच आधी बघायचं ना,’ म्हणत त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला नारळ काढून दिला.